तिसऱ्या गिअरचा चढ

जुनी छोटी एसयूव्ही चालवणाऱ्या कुणालाही विचारून बघा, पॉवर वाढवून करणार काय? आधी आकडाच ऐकू येतो. शेजाऱ्याची गाडी 120 बीएचपीची, म्हणजे अश्वशक्तीची, आणि आपली जेमतेम 80ची. थोडं खोदलं की खरं गाऱ्हाणं बाहेर येतं. चढावर तिसरा गिअर टिकत नाही, दुसऱ्यात यावंच लागतं. पुढच्या ट्रकला ओलांडायला पाय पूर्ण दाबला तरी गाडी विचार करत बसते. चार माणसं, सामान आणि एसी एकदम आले की तिचा जीव निम्मा होतो. यातलं एकही दुखणं कमाल अश्वशक्तीचं नाही. ती कमाल 5500 आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला 5500 फेऱ्यांना, मिळते, आणि तिथवर आपण इंजिन नेतो तरी कधी? आपली सगळी भांडणं 2000 ते 3500च्या मधली असतात.

माझी गाडी याच जातीची. 1.6 लिटरचं बिनटर्बोचं (हवा कोंबणारा पंखा नसलेलं) पेट्रोल इंजिन, 5 गिअर, चारही चाकांना जोर देणाऱ्या फोर बाय फोरचा वेगळा दांडा आणि वाऱ्याची अजिबात पर्वा न करणारं चौकोनी अंग. तिला जोर कसा आणायचा या विषयावर मी इतकं वाचलंय, ऐकलंय आणि बोनेट उघडून इतकी उभी राहिलेय, की घरातले आता त्या विषयावर माझ्याशी बोलत नाहीत. म्हणून इथे लिहिते.

या गाड्या मुळात ताकदीच्या जोरावर जगण्यासाठी घडवलेल्याच नव्हत्या, हे आधी मान्य करायला हवं. 1970 साली आलेल्या पहिल्या सुझुकी जिम्नीचं इंजिन 359 सीसीचं, टू-स्ट्रोक, 25 अश्वशक्तीच्या घरातलं. आजच्या कित्येक मोटरसायकली त्याहून दांडग्या आहेत. तरीही ती गाडी चिखलातून, दगडांतून चढायची, कारण वजन फारच कमी होतं आणि लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) टाकली की गिअरबॉक्स त्या इवल्याशा टॉर्कला, म्हणजे फिरवण्याच्या जोराला, कित्येक पटींनी वाढवून चाकांपर्यंत पोचवायचा. पुढे 1977ची लाडा निवा आली, 1988ची सुझुकी विटारा आली, दोन्ही 1.6 लिटरच्या. इंजिनं वाढली, सोयी वाढल्या, पण हिशेब तोच राहिला: इंजिन माफक, गाडी हलकी, बाकीचं काम गिअरच्या दातांनी करायचं. पुढच्या मालकांनी काय केलं? गाडी जड केली, टायर मोठे केले, आणि मग इंजिनाला नावं ठेवली. मीही त्या मालकांपैकीच, फक्त माझ्याकडे गाडी आली तेव्हा हे सगळं आधीच होऊन चुकलं होतं.

इंजिनाची मर्यादा कुठून येते ते एकदा आकड्यांत पाहिलं की बरेच भ्रम आपोआप गळून पडतात. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा आत घेतं. 1.6 लिटरचं इंजिन 5500 आरपीएमला फिरत असेल तर कागदावर मिनिटाला 4400 लिटर हवा. प्रत्यक्षात फिल्टर, वळणं, व्हॉल्व्ह यांतून वाट काढताना सिलेंडर पूर्ण भरत नाहीत. 85 टक्के भरले तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे 3700 लिटरच्या आसपास, वजनात साडेचार किलो. या हवेत पेट्रोल किती जाळता येतं ते रसायनशास्त्र ठरवतं. पूर्ण ज्वलनासाठी प्रमाण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल, आणि जास्तीत जास्त जोर हवा असेल तर थोडं जास्त पेट्रोल, साधारण 12.5 ते 13ला 1. म्हणजे पूर्ण दाबलेल्या पायाखाली मिनिटाला सुमारे अर्धा लिटर पेट्रोल. त्यातल्या उष्णतेचा मोठा हिस्सा सायलेंसरमधून आणि रेडिएटरमधून निघून जातो, आणि तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, मिळतो. सगळं जुळून आलं तर हाती लागतात 80-90 अश्वशक्ती.

पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे. अडतं ते हवेपाशी. म्हणून पॉवर वाढवण्याचे जेवढे उपाय आहेत ते सगळे शेवटी एकाच दारात येतात: जास्त हवा आत न्या, किंवा त्याच हवेतून थोडं जास्त काम काढा. उंचीवर गेलं की हीच गोष्ट उलट बाजूने अनुभवाला येते. समुद्रसपाटीपासून 2000 मीटरवर हवेची घनता 18 टक्क्यांनी घटलेली असते, त्यामुळे खाली 80 अश्वशक्ती देणारं बिनटर्बोचं इंजिन वर 65च्या आसपास येतं. घाटमाथ्यावर गाडी मरगळली म्हणून लोक प्लग बदलतात, पंप तपासतात. गाडीत काही बिघडलेलं नसतं, हवा विरळ असते.

माझ्या डोक्यात सुरुवातीला हेडर (सिलेंडरमधला धूर बाहेर नेणारे पाइप), रीमॅप (इंजिनाच्या संगणकाच्या प्रोग्रॅममधला बदल), मोठा थ्रॉटल बॉडी (आत येणाऱ्या हवेची झडप) अशी यादी होती. ती मेकॅनिकपुढे ठेवली. त्याने ती वाचली, घडी करून टूलबॉक्सवर ठेवली आणि म्हणाला, “ताई, कंपनीनं दिलेली पॉवर आधी सगळी येतेय का बघू. वाढवायचं मग.” पुढचं सगळं मी त्या वाक्यामुळे शिकले, म्हणून या भागावर जरा रेंगाळते.

त्याने सगळ्यात आधी मला गाडीत बसवून, इंजिन बंद ठेवून, पाय पूर्ण दाबायला सांगितलं आणि स्वतः थ्रॉटलची पाकळी बघत उभा राहिला. ती पूर्ण उघडत नव्हती. वर्षानुवर्षांत केबल ताणली गेली होती आणि शिवाय पेडलखाली जाड रबरी मॅट होती. आता खालच्या आरपीएमला हे फारसं जाणवत नाही, कारण इंजिनाला लागणारी हवा अर्धवट उघडलेल्या वाटेतूनही मिळते. पण वरच्या आरपीएमला तोच शेवटचा पाव भाग लागतो, आणि नेमका तेव्हाच तो हजर नसतो. केबलचा नट फिरवून दुरुस्ती झाली. जगातला सर्वांत स्वस्त परफॉर्मन्स पार्ट म्हणजे पातळ मॅट, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडर आतली हवा किती दाबतो ते. इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टरने फिरवायचं आणि एकेका सिलेंडरवर गेज लावायचा. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती आहे हे महत्त्वाचं. 10 टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहावं, त्यापलीकडे गेला तर कुठेतरी गळती आहे. माझा तिसरा सिलेंडर मागे होता. मेकॅनिकने त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा गेज लावला. ऑइलने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात. आकडा वर आला असता तर रिंगा गेल्या असं समजायचं. आकडा हलला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह.

इथे मला एक गोष्ट कळली जी इतकी वर्षं गाडी चालवूनही माहीत नव्हती. टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलून उघडणारे भाग) वाजत नाहीत, इंजिन शांत आहे, म्हणजे तब्येत छान, असा सर्वसाधारण समज. माझं इंजिन फार शांत होतं आणि मला त्याचा अभिमानही होता. पण ज्या इंजिनांत टॅपेटची फट हाताने सेट करावी लागते, तिथे व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजत जातात तसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि ती फट कमी होत जाते. शेवटी फट उरतच नाही आणि व्हॉल्व्ह नीट बसतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला थंड होण्याची मुख्य वाट म्हणजे सीटला टेकणं. टेकला की त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. टेकला नाही तर तो तापतो, कडा जळतात, गळती वाढते. वाजणारे टॅपेट फक्त कानांना त्रास देतात. न वाजणारे कधीकधी व्हॉल्व्ह खातात. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासून बसवले, एक बदलला, फटी पुस्तकाप्रमाणे ठेवल्या. गाडी आता थोडी टिकटिकते.

हेड उतरवलंच होतं म्हणून टायमिंग बेल्टच्या (व्हॉल्व्हची वेळ क्रँकशी जुळवणाऱ्या पट्ट्याच्या) खुणाही तपासल्या गेल्या. आधी कुणीतरी बेल्ट बदलताना एक दात चुकवला होता. क्रँकच्या चाकाला 20 ते 24 दात धरले तर एक दात म्हणजे 15 ते 18 अंश. एवढ्या फरकाने इंजिन बंद पडत नाही, चेक लाइट लागेलच असंही नाही, व्यवस्थित स्टार्ट होतं, व्यवस्थित आयडल करतं. फक्त व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात आणि मिटतात, आणि गाडी कायमची थोडी सुस्त होते. असा दोष असलेली गाडी विकत घेणाऱ्याला ती सुस्ती मूळची वाटते, कारण त्याने तिचं दुसरं रूप पाहिलेलंच नसतं. रस्त्यावरच्या किती जुन्या गाड्या अशा एका दाताच्या अंतरावर जगत असतील, कुणास ठाऊक.

बाकीच्या तपासण्या झटपट सांगते. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन नीट तापत नाही, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, गाडी अजून थंड आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. एव्हरेज जातं, प्लग काळे पडतात, जोरही जातो. फ्युएल पंप म्हातारा झाला असेल तर रिकाम्या रस्त्यावर काही कळत नाही, चढावर पूर्ण पाय दाबला की प्रेशर पडतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेंसरच्या वाटेतला, धूर स्वच्छ करणारा डबा) आतून वितळून किंवा तुंबून बसला असेल तर गाडी स्टार्ट होते, गल्लीत बरी चालते आणि वर रेसच घेत नाही. सर्दीने नाक बंद झालेल्या माणसाला शर्यतीत उतरवल्यासारखं. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावला की पाच मिनिटांत उलगडा होतो. आणि या सगळ्याच्या आधी, खरं तर, चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवून बघावीत. माझं मागचं एक चाक दोन फेऱ्याही मारत नव्हतं, हँडब्रेकची तार आत गंजून ब्रेक चिकटलेला. इंजिन बिचारं तो ब्रेक रोज ओढत होतं.

एवढं झाल्यावर गाडी बदलली. किती, हे आकड्यात सांगण्याचा मोह आवरते, कारण मी तेव्हा मोजलं नव्हतं. पण पॉवर वाढवण्यासाठी एकही नवा भाग बसवला नव्हता आणि जे चढ दुसऱ्याशिवाय जात नव्हते त्यांतले काही तिसऱ्यात जाऊ लागले. सगळे नाही.

आता हवेच्या वाटेबद्दल, म्हणजे फिल्टर आणि सायलेंसरबद्दल. यावर लोक सर्वांत जास्त खर्च करतात आणि मला सर्वांत कमी बोलावंसं वाटतं. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा दिसायला बोजड असतो, पण बहुतेक गाड्यांत तो हवा बाहेरून घेतो, फेंडरच्या आतून किंवा हेडलाइटच्या मागून. तो काढून इंजिनाशेजारी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला की तो बोनेटखालची गरम हवा ओढतो. बाहेर 30 अंश आणि आत 60 अंश असतील तर त्या हवेची घनता 9 टक्क्यांनी कमी. फिल्टरने वाट थोडी मोकळी केली असेल, पण येणारी हवाच पातळ झाली. वेगात असताना बोनेटखाली वारा खेळतो आणि फरक कमी होतो, पण आपल्याला जोर हवा असतो तो चढावर, हळू चालताना, म्हणजे बोनेटखाली भट्टी पेटलेली असते तेव्हाच. शिवाय कापडी फिल्टरला हात सैल सोडून तेल लावलं तर ते उडून एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं, आणि तो सेन्सर ईसीयूला खोटं सांगू लागतो.

सायलेंसरचंही असंच. पाइप जेवढा जाड तेवढं बरं, ही समजूत शर्यतीच्या गाड्यांवरून आली. जाड पाइपात वायूचा वेग पडतो, आणि खालच्या आरपीएमला हाच वेग सिलेंडरमधला उरलेला धूर ओढून न्यायला मदत करत असतो. चांगला हेडर मात्र खरोखर उपयोगी पडू शकतो, विशेषतः 4-2-1 पद्धतीचा, म्हणजे चार पाइप आधी दोनात आणि मग एकात मिळणारा. चार सिलेंडरच्या बहुतेक इंजिनांत फायरिंगचा (ठिणगी पडण्याचा) क्रम 1-3-4-2 असतो. 1 आणि 4, 2 आणि 3 अशा जोड्या केल्या की एका सिलेंडरचा धक्का दुसऱ्याच्या आड येत नाही आणि मधल्या आरपीएमला टॉर्क सुधारतो. लांब ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅमशाफ्ट हा याच्या बरोब्बर उलटा सौदा: वर मिळतं, खाली जातं. छोट्या एसयूव्हीत असा कॅम टाकणारा माणूस मला भेटलाय. आयडलवर त्याची गाडी फार छान गुरगुरते. चढावर तो दुसऱ्यात येतो.

गुरगुरण्याचं आणि वेगाचं नातं मोठं फसवं आहे. आवाज वाढला की गाडी जोरात वाटते, हे माझ्या बाबतीतही खरं आहे, म्हणून मी पुढे मोजायला लागले. एकच सपाट, रिकामा रस्ता, तिसरा गिअर, 40 ते 80 किलोमीटर, दोन्ही दिशांनी, टाकीत साधारण तेवढंच पेट्रोल, आणि वेग जीपीएसवरून घ्यायचा. स्पीडोमीटरवर भरवसा नको. टायर बदललेल्या गाडीत तर मुळीच नको. डायनोवर (रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) न्यायचं असेल तर आधी आणि नंतर त्याच डायनोवर न्यावं, कारण रोलरवर चाकांपाशी मोजलेला आकडा आणि कंपनीने क्रँकपाशी मोजलेला आकडा यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं (चाकांच्या अॅक्सलवरच्या गिअरपेटीचं) घर्षण बसलेलं असतं. दोन वेगवेगळ्या डायनोंचे कागद शेजारी ठेवून भांडणारे लोक आहेत. त्यांना शुभेच्छा.

इग्निशन आणि रीमॅप. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलात जास्त ताकद नसते. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची क्षमता. ज्या इंजिनाला नॉकिंगमुळे (पेट्रोल आपोआप पेटल्यामुळे) ठिणगीचं टायमिंग मागे घ्यावं लागतंय त्याला चांगल्या पेट्रोलाचा फायदा होतो, इतरांना नाही. जुन्या इंजिनात पिस्टनवर कार्बन साचून कॉम्प्रेशन नकळत वाढलेलं असतं, तिथे फरक जाणवू शकतो. बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात नुसत्या रीमॅपने मिळणारी वाढ किरकोळ असते, कारण ईसीयू हवा निर्माण करू शकत नाही. टर्बो डिझेलची गोष्ट वेगळी. तिथे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि डिझेल दोन्ही सॉफ्टवेअरच्या हातात असतात, आणि 20-25 टक्के वाढ सहज निघते. पण जुन्या डिझेल एसयूव्हीचा जोर गेला असेल तर रीमॅपच्या आधी इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) पाइप आणि टर्बोच्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या तपासाव्यात; चिरलेल्या पाइपातून बूस्ट फुकट जात असतो. आणि मागून निघणारा काळा धूर म्हणजे जळलेली ताकद नव्हे, न जळलेलं डिझेल आहे.

हे सगळं पालथं घातल्यावर मी एक दिवस बोनेट बंद केलं आणि गाडीभोवती एक फेरी मारली. माझी दृष्टी बदलली ती इथे.

आधीच्या मालकाने टायर मोठे घातले होते. मूळचा 205/70 आर15, आता 235/75 आर15. दिसायला झकास, गाडी उंच आणि रुबाबदार. व्यासाचा हिशेब करा: 668 मिलिमीटरचे झाले 733, जवळजवळ 10 टक्के जास्त. चाकाच्या एका फेरीत गाडी 10 टक्के जास्त अंतर कापते, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच उंच झाला आणि त्याच आरपीएमला रस्त्यावर पोचणारा रेटा 9 टक्क्यांनी घटला. हेडर आणि रीमॅपने मिळून जे महागात मिळालं असतं त्याहून जास्त या गाडीने टायरच्या दुकानात सोडून दिलं होतं. वर ते टायर जड. टायरच्या बाहेरच्या कडेवरचं वजन वेग घेताना जवळपास दुप्पट मोजावं लागतं, कारण ते पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. ब्रेकलाही तेच: व्यास वाढला की त्याच पॅडला गाडी थांबवायला जास्त जोर लावावा लागतो, आणि याचा विचार टायर निवडताना सहसा कुणी करत नाही.

मग वजन. पुढे लोखंडी बंपर, मागे लोखंडी बंपर, टपावर कॅरिअर, त्यावर कधीकाळी लावलेला आणि कधीच न वापरलेला जॅक. दीडशे किलो तरी असावं. 1400 किलोची गाडी 8 टक्के चढावर 60च्या वेगाने न्यायला नुसत्या चढण्यासाठी 25 अश्वशक्ती लागतात. दीडशे किलो वाढले की त्यात पावणेतीनची भर. 80 अश्वशक्तीच्या गाडीत पावणेतीन म्हणजे थोडं नाही. टपावरच्या कॅरिअरचा हिशेब सपाटीवर होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाने. 80वरून 100वर गेलं की हवेसाठी लागणारी शक्ती जवळपास दुप्पट. चौकोनी गाडीला आधीच 100च्या वेगाला यासाठी 18-20 अश्वशक्ती द्याव्या लागतात, त्यात डोक्यावर जाळी धरून पळायचं. कॅरिअर मी काढला. मागचा बंपरही काढला. पुढचा ठेवला, कारण तो मला आवडतो. प्रत्येक गोष्ट हिशेबाने करायची असती तर ही गाडी मी घेतलीच नसती.

मोठे टायर काढायचे नसतील, आणि खडबडीत वाटांवर मिळणारी उंची सोडवत नाही हे मी समजू शकते, तर उपाय इंजिनात शोधायचाच नाही. तो डिफरन्शियलमध्ये आहे. क्राउन-पिनियनचं (डिफरन्शियलमधल्या दोन गिअरांच्या जोडीचं) गुणोत्तर 4.3 असेल तर ते 4.7च्या आसपास न्यायचं, की मोठ्या टायरने घेतलेला जोर परत मिळतो, सर्व गिअरमध्ये, सर्व आरपीएमला, इंजिनाला हात न लावता. हायवेला आरपीएम वाढतील अशी भीती लोक घालतात. वाढतात, पण मूळ टायरवर जेवढे होते तेवढेच. स्पीडोमीटरही बराचसा ताळ्यावर येतो. फोर बाय फोरमध्ये एक अट मात्र टळत नाही: पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलचं गुणोत्तर एकच हवं. एकच बदललं आणि कडक रस्त्यावर फोर बाय फोर टाकलं, तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू बघतात, शाफ्टमध्ये पीळ भरत जातो आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) किंवा शाफ्ट यांतलं जे आधी हार मानेल ते तुटतं.

हे ऐकून एका मित्राने विचारलं, मग टर्बोच का नाही लावत? विचार जुना आहे. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी एक्झॉस्टच्या जोरावर हवा कोंबण्याचं पेटंट 1905 साली घेतलं, आणि 1962 साली अमेरिकेत दोन गाड्या टर्बोसह बाजारात आल्या. 0.4 बार बूस्ट दिला तर कागदावर 40 टक्के जास्त हवा; हवा दाबली की तापते, म्हणून प्रत्यक्षात कमी, तरीही भरपूर. हवेच्या अडचणीवरचा खरा इलाज हाच, यात मला शंका नाही. पण 9.5 कॉम्प्रेशनचं, लाखभर किलोमीटर झालेलं इंजिन त्यासाठी घडवलेलं नसतं. इंटरकूलर हवा, मोठे इंजेक्टर हवेत, पंप हवा, नव्याने ट्यून केलेला ईसीयू हवा, टर्बोला ऑइलची वेगळी लाइन हवी. मग क्लच प्लेट घसरायला लागते. ती दणकट घातली की गिअरबॉक्सवर येतं. गिअरबॉक्स टिकला तर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये तो सगळा टॉर्क गुणाकार होऊन त्याच जुन्या शाफ्टांवर जाऊन पडतो. एकेक करत सगळी साखळी बदलावी लागते, आणि ती कुठे थांबते ते आधी कळत नाही.

त्यापेक्षा मोठं इंजिन बसवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. सुझुकी सामुराईच्या 1.3च्या जागी त्याच कंपनीचं 1.6 घालणं हा जगभर रुळलेला बदल आहे. एकाच घराण्यातली इंजिनं, त्यामुळे अडचणी कोणत्या येतात आणि त्या कशा सोडवायच्या हे लोकांना पाठ आहे. अशा बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत आणि विम्यात झालेली असावी, नाहीतर अपघाताच्या दिवशी सगळा आनंद संपतो. माझ्या गाडीसाठी असा रुळलेला जोडीदार नाही, म्हणून तो विषय मी मिटवला.

उरलं क्राउन-पिनियन. माझ्या मॉडेलच्या ऑटोमॅटिक आवृत्तीत हवं तेच गुणोत्तर येत होतं, त्यामुळे मागचा सेट एका भंगारातल्या गाडीतून मिळाला. दात तपासले, छान आहेत, एका कोपऱ्यावर हलकासा गंज तेवढा. पुढचा मिळत नाही, कारण ज्या गाड्यांत तो असतो त्या बऱ्याचशा टू-व्हील ड्राइव्हच विकल्या गेल्या. एकट्या मागच्याचा उपयोग करून टाकू, फोर बाय फोरचा दांडा ओढायचाच नाही असं ठरवू, असं मी मेकॅनिकला सुचवून पाहिलं. “तुम्ही नाही ओढणार, ताई,” तो म्हणाला, “पण गाडी विकाल त्या दिवशी दुसरं कुणीतरी ओढेलच की.” त्यामुळे सेट पोत्यात गुंडाळून ठेवलाय, पुढच्याची चौकशी चालू आहे, आणि कुणाला या जातीची फोर बाय फोर ऑटोमॅटिक भंगारात निघालेली माहीत असेल तर मला इंजिन नको, गिअरबॉक्स नको, फक्त पुढचा डिफरन्शियल हवाय.